शिफारसपत्र वेळेत हवंय? स्टाफरूममधून सांगते

१ नोव्हेंबर २०२४, लक्ष्मीपूजन. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घरी पाटावर पूजा मांडून झाली होती आणि निरांजन लावायच्या बेतात असतानाच फोन वाजला. बारावी सायन्सची माझी विद्यार्थिनी. "मॅडम, सॉरी, आजच्या दिवशी फोन करतेय. तुमचं रेकमेंडेशन अजून पेंडिंग दाखवतंय. आज रात्री ११.५९ ची डेडलाइन आहे." मी म्हटलं, "अगं, मला लिंक आलीच नाही." आली होती. स्पॅममध्ये, कर्जाच्या जाहिरातींच्या ढिगात, अठरा दिवस पडून होती.

रात्री साडेदहाला पत्र चढवलं. कसं झालं म्हणाल, तर घाईत होतं तसं झालं. त्या मुलीबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं, त्यातलं निम्मं राहून गेलं. चूक तिची थोडी, माझी थोडी.

नवी मुंबईतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बरीच वर्षं फिजिक्स शिकवते. परदेशी जाणाऱ्या मुलांची पत्रं लिहिता लिहिता एक गोष्ट पक्की कळली आहे. पत्र लिहायची शिक्षकाची इच्छा नसते म्हणून ते उशिरा जातं, असं फार क्वचित घडतं. ते अडकतं लिंकमध्ये, कॉलेजच्या ईमेलमध्ये, लेटरहेडमध्ये, दिवाळीच्या सुट्टीत आणि तपासायच्या गठ्ठ्यांत. यातलं बहुतेक सगळं विद्यार्थी आधीपासून सोडवून ठेवू शकतो. फक्त ते स्टाफरूमच्या बाजूने कसं दिसतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आधी कुठे किती पत्रं लागतात ते बघा

सरसकट "तीन एलओआर (म्हणजे शिफारसपत्रं) लागतात" असं गृहीत धरून तीन शिक्षकांच्या मागे लागणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या एकाची तर एकाही ठिकाणी तीनची अट नव्हती.

अमेरिकेत बारावीनंतर जाणाऱ्यांपैकी बहुतेकांचा अर्ज कॉमन अ‍ॅप या अनेक कॉलेजांच्या सामायिक पोर्टलवरून जातो. ते दर वर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं. नावाजलेली बरीच कॉलेजं दोन शिक्षकांची पत्रं आणि एक काउन्सेलरचं पत्र मागतात. काही एकावर भागवतात, काहींना एकही नको असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे कॅम्पससाठी, शिक्षकांची पत्रं मागतच नाहीत. उलट एमआयटी कॉमन अ‍ॅपवर नाही, तिचं स्वतःचं पोर्टल आहे. तिथे एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकाचं हवं असतं. आपल्याकडे सायन्सचा मुलगा इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसून गणितं सोडवत असतो, त्याला ही अट कळते तेव्हा इंग्रजीच्या मॅडमना त्याचा चेहरासुद्धा आठवत नाही. अकरावीत असाल तर आत्ताच सावध व्हा.

ब्रिटनचं गणित वेगळं. तिथे यूकास या प्रवेश-अर्जांच्या केंद्रीय यंत्रणेवरून एकच अर्ज आणि एकच संदर्भपत्र. ते पत्र २०२४ च्या प्रवेशांपासून तीन भागांत लिहायचं असतं: पहिला भाग कॉलेजबद्दल, दुसरा विद्यार्थ्याची काही विशेष अडचण असेल तर तिच्याबद्दल, तिसरा विद्यार्थ्याबद्दल. शिवाय बारावीत किती टक्के पडतील याचा अंदाजही कॉलेजने द्यायचा असतो. आपल्या एचएससी कॉलेजांना असा अंदाज लेखी द्यायची सवय नाही, त्यामुळे हा विषय आधीच काढा.

दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक असा. कॉमन अ‍ॅपवर तुमचा अर्ज आणि शिक्षकाचं पत्र स्वतंत्र जातात, एकाचं राहिलं तरी दुसरं सबमिट होतं. यूकासवर संदर्भपत्र जोडलं गेल्याशिवाय अर्ज पुढे जातच नाही. म्हणजे ब्रिटनला जाणाऱ्याचं पत्र अडलं की सगळंच अडलं.

तारखा मागून पुढे मोजा

अमेरिकेतल्या अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीतल्या, अर्जांची मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर, रेग्युलरची १ ते १५ जानेवारीच्या आसपास. कॉमन अ‍ॅपवर ११.५९ ही वेळ अर्ज करणाऱ्याच्या गावची धरतात, म्हणजे आपल्या घड्याळातली. "अमेरिकेत अजून दिवस उजाडायचाय" हा दिलासा इथे चालत नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरला ब्रिटनच्या संध्याकाळी ६ वाजता संपते, तेव्हा ठाण्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. इतर बहुतेक अभ्यासक्रमांची जानेवारीतली मुदत २०२६ मध्ये १४ तारखेला होती, तीही तिथल्या ६ वाजता. जानेवारीत तिथलं घड्याळ एक तास मागे गेलेलं असतं, म्हणून आपल्याकडे साडेअकरा.

आता या तारखांवर आमचं वेळापत्रक ठेवून बघा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपती. ऑक्टोबरमध्ये सहामाही परीक्षा, मग त्या पेपरांचे गठ्ठे. लगेच दिवाळीची सुट्टी, त्या सुट्टीत निम्मी स्टाफरूम गावाला. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. डिसेंबर-जानेवारीत प्रिलिम, जानेवारीच्या शेवटी बोर्डाची प्रात्यक्षिकं. लेखी परीक्षाही आता लवकर येते, २०२५ मध्ये ती ११ फेब्रुवारीला सुरू झाली. आणि निवडणूक लागली तर शिक्षक इलेक्शन ड्युटीवर. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. त्याआधीची प्रशिक्षणं, मग आदल्या दिवशी पेट्या-यंत्रं घेऊन केंद्रावर मुक्काम. त्या आठवड्यात "सर, माझं पत्र?" म्हणून आलेल्या मुलाला सर काय सांगणार?

म्हणून खरी डेडलाइन काहीही असो, शिक्षकाला सांगायची तारीख तिच्या बरीच आधीची ठेवा. माझं मत विचाराल तर नोव्हेंबरच्या मुदतीसाठी ५ ऑक्टोबर, आणि जानेवारीच्या मुदतीसाठीसुद्धा नोव्हेंबरअखेर. शिक्षकाला विचारायचं मात्र अकरावी संपता संपता, एप्रिलमध्ये. तेव्हा आम्ही मोकळे असतो आणि तुम्ही आमच्या डोक्यात ताजे असता. एप्रिल गेला असेल तर जून. आज हे वाचताना सप्टेंबर उजाडला असेल तर उद्याच.

कोणाला विचारायचं

इथे आपल्या भागाचा एक खास घोळ आहे, त्याबद्दल जरा सविस्तर बोलते.

आपल्याकडे दहावीनंतर शाळा सुटते आणि ज्युनिअर कॉलेज सुरू होतं. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश लांबतात, वर्ग ऑगस्टमध्ये भरायला लागतात. म्हणजे बारावीच्या सप्टेंबरमध्ये पत्र लिहिणारा शिक्षक तुम्हाला जेमतेम वर्षभर ओळखत असतो. त्यात घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत इंटिग्रेटेडचं पीक आलेलं. प्रवेश एका कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये, कॉलेजचं तोंड फक्त प्रॅक्टिकलला बघायचं. अशा मुलाने येऊन पत्र मागितलं की मला खरंच कळत नाही काय लिहू. हजेरीपटावरचं नाव मला माहीत आहे, मुलगा माहीत नाही.

क्लासच्या सरांचं पत्र चालेल का, हा प्रश्न मग येतोच. शिक्षकाचं पत्र म्हणून कॉलेजांना शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात विषय शिकवणारी व्यक्ती हवी असते, शक्यतो अकरावी-बारावीची. क्लासचे सर, तबल्याचे गुरुजी, बॅडमिंटनचे कोच हे कॉमन अ‍ॅपवर 'अदर रेकमेंडर' या वेगळ्या खान्यात बसतात, आणि तो खाना प्रत्येक कॉलेज ठेवतंच असं नाही. तेव्हा ते पत्र जोड म्हणून ठीक, बदली म्हणून नाही.

इंटिग्रेटेडमध्ये असाल तर उपाय एकच, कॉलेजात दिसायला लागा. प्रॅक्टिकल मन लावून करा, जर्नल स्वतः लिहा, शंका विचारायला दोन-चार वेळा स्टाफरूमपर्यंत या. हे पत्रासाठी केलेलं नाटक वाटेल अशी भीती बाळगू नका. आम्हाला नाटक आणि आस्था यांतला फरक दोन भेटींत कळतो.

शिक्षक निवडताना सर्वात जास्त मार्क देणारे किंवा एचओडी असलेले सर बघू नका. तुमच्याबद्दल ज्यांना एक प्रसंग सांगता येईल ते शिक्षक निवडा. माझ्याकडे एक मुलगा होता, गुणांनी मधल्या फळीतला. भिंगाचं नाभीय अंतर काढायच्या प्रयोगात अख्ख्या बॅचची रीडिंग एकसारखी सुबक आली होती, कारण सगळ्यांनी एकाच जर्नलमधून उतरवली होती. याची वेगळी, आणि पुस्तकी उत्तराशी न जुळणारी. तो म्हणाला, "मॅडम, मला हेच मिळतंय, भिंगाला कडेला चरा आहे का बघा ना." चरा होता. त्याचं पत्र मी वीस मिनिटांत लिहिलं. त्याच आठवड्यात पंच्याण्णव टक्केवाल्या एका मुलीचं पत्र लिहायला तीन संध्याकाळी लागल्या, कारण "हुशार, नियमित, आज्ञाधारक" याच्या पुढे काही सुचेना.

विचारण्याची रीत

समोर जाऊन विचारा. तास संपल्यावर दारात, चालता चालता नको. स्टाफरूममध्ये, मोकळा तास बघून. पहिल्याच वाक्यात शिक्षकाला नकार द्यायला वाट ठेवा. असं काहीतरी:

"मॅडम, मी पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करणार आहे. तुम्ही मला अकरावीत शिकवलंत, प्रॅक्टिकलही तुमच्याकडे होतं. माझ्याबद्दल चांगलं पत्र लिहिता येईल असं तुम्हाला वाटत असेल तर मला ते तुमच्याकडून हवंय. वेळ नसेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही."

"हो, देऊ की" असं लगेच उत्तर आलं तर छान. "बघू", "नंतर ये", "आत्ताच काय घाई आहे" अशी उत्तरं तीनदा आली तर तो नकार समजा आणि दुसऱ्या शिक्षकांकडे वळा. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

कधी कधी मात्र "बघू"च्या मागे वेगळंच कारण असतं आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. आमच्यातले कित्येक जण मराठी माध्यमातून शिकलेले. विषय तळहातासारखा पाठ, पण दोन पानी इंग्रजी पत्र लिहायचं म्हटलं की हात आखडतो. ही अडचण ओळखली तर सुटते. "सर, साध्या इंग्रजीतलं पत्र चालतं, दोन-तीन परिच्छेद पुरतात" एवढं आदराने सांगा. सरांना हवं असेल तर इंग्रजीच्या मॅडम एकदा नजर टाकतील. प्रवेश समित्या जगभरातून आलेली पत्रं वाचतात. साध्या, थोड्या अडखळत्या इंग्रजीतला खरा प्रसंग मला तरी इंटरनेटवरून उचललेल्या गुळगुळीत नमुन्यापेक्षा हजारपट बरा वाटतो.

आणि आई-बाबांना फोन करायला लावू नका. कृपा करा.

शिक्षकाच्या हातात काय द्यायचं

होकार मिळाल्यावर आठवडाभरात एक फाइल द्या, छापील आणि मेलवर दोन्ही. अमेरिकेत तिला ब्रॅग शीट म्हणतात, म्हणजे स्वतःची फुशारकी मारायचा कागद. नाव मला आवडत नाही, पण वस्तू कामाची आहे. त्यात हे असावं: पूर्ण नाव (अर्जात आहे तसंच, वडिलांच्या नावासकट किंवा विना), कुठे आणि कोणत्या विषयाला अर्ज, प्रत्येकाची मुदत तारखेच्या क्रमाने, तुम्ही या शिक्षकांकडे कोणत्या वर्षी काय शिकलात आणि किती गुण मिळाले.

नंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि तोच मुलं टाळतात. या शिक्षकांच्या तासाला घडलेल्या तीन-चार गोष्टी, प्रत्येकी चार ओळींत. कोणता धडा कळला नव्हता आणि कसा कळला, कोणत्या प्रयोगात गाडी अडली, वर्गात कशावरून वाद झाला, कोणाला शिकवलं. हे शिक्षकाला आठवण करून देण्यासाठी. दिडशे मुलांच्या बॅचमधलं मला सगळं आठवत नाही, पण तुम्ही "मीटर ब्रिजच्या वेळी तार गरम झाली होती तेव्हा" इतकं लिहिलंत की पुढचं आपोआप आठवतं.

प्रमाणपत्रांचा गठ्ठा नको. तिसरीतल्या चित्रकला स्पर्धेपासून सगळं झेरॉक्स करून आणणारी मुलं आहेत. ते सगळं तुमच्या अर्जात जाणारच आहे.

"तूच लिहून आण, मी सही करतो"

हे वाक्य ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या कॉलेजांत रोज ऐकू येतं, डिग्री कॉलेजांत तर जास्तच. काम वाचतं म्हणून मुलंही खूश होतात. माझं स्पष्ट मत, हे करू नका. एकाच मुलाने लिहिलेली दोन शिक्षकांची पत्रं वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात, दोन्हींत तीच विशेषणं, तीच वाक्यरचना. आणि पकडलं गेलं तर तो फसवणुकीचाच प्रकार, मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

मग सरांना काय सांगायचं? "सर, मुद्दे सगळे मी लिहून देतो, पत्र तुमच्या शब्दांत हवंय असं तिथे स्पष्ट म्हटलंय." बहुतेक सर इथे ऐकतात. टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनवर मराठीत बोलून ठेवा म्हणावं, हल्ली फोन बोललेलं उतरवून देतो, तिथून पुढे सर स्वतः इंग्रजीत करतील. पोर्टलवर शिक्षकाच्या नावाने तुम्ही लॉगिन करणं, त्यांचा पासवर्ड ठेवणं, स्वतःच्या लॅपटॉपवरून 'त्यांच्या वतीने' फॉर्म भरणं, यातलं काहीही करू नका.

लिंक: इथेच दहापैकी आठ पत्रं अडतात

(आठ हा आकडा माझा अंदाज, शास्त्रोक्त पाहणी नव्हे.)

कॉमन अ‍ॅपवर क्रम असा आहे. आधी खातं उघडा. 'एज्युकेशन' विभागात सध्याचं कॉलेज भरा. निदान एक कॉलेज 'माय कॉलेजेस'मध्ये टाका. त्या कॉलेजखाली 'रेकमेंडर्स अँड फेर्पा' असा भाग दिसेल. फेर्पा हा अमेरिकेचा १९७४ चा कायदा. त्याने विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी बघायचा हक्क मिळतो, आणि त्यात ही पत्रंही येतात. पत्र बघायचा हक्क सोडतो असं मान्य करायचं की नाही, हे तिथे विचारतात. सोडावा, असंच सगळे सांगतात आणि मीही सांगते. पत्र गोपनीय असेल तर वाचणाऱ्याचा त्यावर विश्वास बसतो, लिहिणाराही मोकळेपणाने लिहितो. ही निवड केल्याशिवाय शिक्षकाला निमंत्रण पाठवता येत नाही, आणि निमंत्रण गेल्यावर ती बदलता येत नाही. म्हणून नीट वाचून टिक करा.

मग शिक्षकाचं नाव आणि ईमेल टाकून निमंत्रण. ईमेल कोणता, हे शिक्षकाला विचारून त्यांच्यासमोर लिहून घ्या. एका अक्षराची चूक झाली तर ते निमंत्रण भलत्याच माणसाकडे जातं. कॉलेजच्या डोमेनचा मेल असेल तर तोच द्या. बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत शिक्षकांना असा मेल नसतो, सगळ्या कॉलेजचा एकच मेल असतो आणि तो ऑफिसमधला क्लार्क उघडतो. त्या मेलवर निमंत्रण पाठवलंत तर ते परिपत्रकांच्या समुद्रात बुडालं समजा. स्वतंत्र मेल तयार करून मिळेल का हे जूनमध्येच ऑफिसात विचारा. नाहीच मिळाला तर शिक्षकाचा जीमेल द्या, आणि पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह असू द्या.

निमंत्रण पाठवलं त्याच दिवशी शिक्षकांना सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पुरतात: "मॅडम, आत्ता लिंक पाठवली आहे. इनबॉक्समध्ये नसेल तर स्पॅम किंवा प्रमोशन्समध्ये बघाल का?" दुसऱ्या दिवशी भेटून, "लिंक दिसली का?" त्या दिवाळीपासून मी तर मुलांना सांगते, मोकळ्या तासाला पंधरा मिनिटं माझ्या शेजारी बसा. मी माझ्या फोनवर मेल उघडते, लिंक दाबते, पासवर्ड स्वतः ठेवते. तोवर तुम्ही जवळ असलं की नेट गेलं तर तुमचा हॉटस्पॉट कामाला येतो. लिंक उघडली गेली की अर्धी लढाई सरली. पत्र मग मी घरी, नाहीतर ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथे लिहीन.

शिक्षकाला आधी सांगून ठेवायच्या दोन गोष्टी. एक, पत्राबरोबर एक फॉर्मही असतो: किती वर्षं ओळखता, कोणता विषय शिकवला, वर्गातल्या इतर मुलांच्या तुलनेत कुठे बसतो. तो बघून ऐन वेळी धक्का बसतो. दोन, कॉमन अ‍ॅपवर एकदा चढवलेलं पत्र तुम्ही जोडलेल्या सगळ्या कॉलेजांना जातं आणि नंतर बदलता येत नाही. म्हणून पत्रात एका कॉलेजचं नाव घालू नये. "तुमच्या विद्यापीठाची ती शान वाढवेल" असं नाव घेऊन लिहिलेलं पत्र बाकीच्या सात ठिकाणीही पोचतं.

प्राचार्य, ऑफिस आणि जावक क्रमांक

काउन्सेलर नावाचा माणूस आपल्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत नसतो. ते काम प्राचार्य किंवा उपप्राचार्य करतात. त्यांच्याकडून पत्राखेरीज स्कूल रिपोर्ट, गुणपत्रकं आणि कॉलेजची ओळख करून देणारं एक-दोन पानी स्कूल प्रोफाइल जायला हवं. कॉलेजने हे कधीच केलं नसेल तर प्रोफाइलचा कच्चा मसुदा तुम्ही नेऊन दिलात तर चालतं, कारण त्यात माहितीच असते: बोर्ड कोणतं, विषय कोणते, बारावीला किती मुलं, गुण कसे देतात.

अमेरिकेला नववी ते बारावी अशी चार वर्षं दिसायला हवीत. नववी-दहावी तुमच्या जुन्या शाळेत. शाळेत नववीचा निकाल शोधायला वेळ लागतो, रजिस्टर कुठल्या कपाटात हे एकाच माणसाला माहीत असतं. मे महिन्यात शाळा बंद, तेव्हा एप्रिलमध्ये किंवा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा.

लेटरहेड सहसा शिक्षकाच्या हातात नसतं, ते ऑफिसात कुलूपबंद. मिळवायला प्राचार्यांच्या नावे अर्ज करा, दोन प्रतींत, एकीवर आवक शिक्का घ्या. पत्रावर जावक क्रमांक पडतो, प्राचार्य रजेवर असतील तर तोही थांबतो. म्हणून सगळ्या शिक्षकांसाठी लागणारी लेटरहेडं एकदमच मागा, प्रत्येकासाठी वेगळी फेरी नको. ऑफिसातल्या माणसांशी नीट बोला. वर्षभर त्यांच्या खिडकीसमोर ओरडलेला मुलगा सप्टेंबरमध्ये गोड बोलतो, तेव्हा त्यांना मागचं आठवतं.

आठवण करून द्यायची, पाठलाग करायचा नाही

एक वही किंवा शीट ठेवा: शिक्षक, कॉलेज, निमंत्रण कधी गेलं, लिंक उघडली का, सबमिट झालं का. कॉमन अ‍ॅप ही स्थिती तुम्हाला दाखवतं. ठरलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधी एक आठवण, एक आठवडा आधी दुसरी, दोन दिवस आधी फोन. रोज "मॅडम, झालं का?" विचारू नका. मी ज्या मुलाला चुकवून दुसऱ्या जिन्याने जायला लागले त्याचं पत्र लवकर झालं असं कधी घडलेलं नाही. आठवण देताना काहीतरी उपयोगाचं बरोबर असू द्या: "मॅडम, यादीत एक कॉलेज वाढलं आहे, सुधारित तारखा पाठवल्या आहेत."

हुकलंच तर

मुदतीच्या चार दिवस आधीही शिक्षकांकडून हालचाल नसेल, तर कॉमन अ‍ॅपवर न चढवलेल्या पत्राच्या शिक्षकाला त्या कॉलेजसाठी काढून दुसऱ्यांना जोडता येतं. दुसरे शिक्षक मनात आधीच ठरवून ठेवा, आणि पहिल्यांना न सांगता बदल करू नका. "सर, तुमची ड्युटी लागली आहे, मी तुम्हाला त्रास देत नाही" एवढं म्हटलं तर तेही सुटकेचा श्वास घेतात.

तुमचा स्वतःचा अर्ज मात्र वेळेतच जाऊ द्या, पत्रासाठी थांबू नका. अनेक अमेरिकी कॉलेजं शिक्षकांचे कागद मुदतीनंतर काही दिवस आले तरी स्वीकारतात, कारण ते विद्यार्थ्याच्या हातात नसतं हे त्यांना कळतं. प्रवेश कार्यालयाला दोन वाक्यांचा मेल टाका: पत्र कोण देणार, कधीपर्यंत. अर्ज पोचल्यावर कॉलेज स्वतःच्या पोर्टलचा लॉगिन देतं, तिथल्या यादीत पत्रासमोर टिक पडायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. टिक नाही म्हणून तिसऱ्या दिवशी शिक्षकांना पुन्हा चढवायला सांगू नका. ब्रिटनच्या बाबतीत ही मोकळीक नाही, ते वर सांगितलंच.

एमएसला जाणाऱ्यांसाठी थोडंसं

इंजिनीअरिंगनंतर जाणारी ऐरोली-नेरुळची मुलं हे वाचत असतील तर वरचं बहुतेक सगळं लागू. फरक संख्येचा. एमएसला साधारण तीन पत्रं आणि प्रत्येक विद्यापीठाची वेगळी लिंक. आठ विद्यापीठं म्हणजे चोवीस मेल, एकेका प्रोफेसरला आठ. ते सुटे सुटे तीन आठवडे येत राहिले तर प्रोफेसर कंटाळतात. सगळे अर्ज पत्रांच्या विभागापर्यंत भरून ठेवा आणि सगळ्या लिंक एका दिवशी सोडा, मग त्यांच्याशी अर्धा तास ठरवा. डिसेंबरच्या मुदतीआधी नोव्हेंबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या सेमिस्टर परीक्षा असतात, तेही धरून चाला. इंटर्नशिपमधल्या मॅनेजरचं पत्र घेणार असाल तर त्यांनी कंपनी सोडण्याआधी बोला, नाहीतर कंपनीचा मेल बंद होतो.

पत्र गेल्यावर मॅडमना एक मेसेज टाका, मार्च-एप्रिलमध्ये निकाल काय लागला तोही कळवा, कुठेच नाही लागलं तरी. पेढे आणायचे तर तेव्हा. आधी आणलेले मी परत पाठवते. आणि अमेरिकेवाल्यांनो, जानेवारीत सहामाहीचे गुण मिड-इयर रिपोर्टमधून जायचे असतात. त्यासाठी पुन्हा उपप्राचार्यांकडे आणि पुन्हा त्याच ऑफिसच्या खिडकीवर, प्रिलिमच्या गडबडीत, एक फेरी आहे.